ठराव झाला, गटार कधी होणार?

"मत दिले, घरपट्टी भरतो, नगरसेवकाच्या दारात चपला झिजवल्या, तरी आमच्या आळीतले गटार का होत नाही?" छोट्या शहरातला माणूस नगरपालिकेबद्दल विचारतो तो बहुधा हाच प्रश्न. "खातात हो सगळे," हे त्याचे तयार उत्तर. ते कधी कधी खरे असते. पण सगळे प्रामाणिक असले तरी शंभर-सव्वाशे मीटर गटाराला दीड-दोन वर्षे का लागतात, हे त्या उत्तरातून कळत नाही. म्हणून या प्रकरणात आपण एका गटाराच्या मागे मागे जाऊ. शहर काल्पनिक आहे, तीस हजार वस्तीचे. कारभार मात्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही नगरपरिषदेत दिसेल तोच.

१. नगरपालिका म्हणजे नेमके कोण?

बोलताना आपण नगरपालिका म्हणतो; कायद्यात तिचे नाव नगरपरिषद. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमावर तिचा सगळा संसार चालतो. त्याआधी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्ही भागांत वेगवेगळे कायदे होते. १९६५ च्या कायद्याने ते एकत्र आणले. एक लाखाहून जास्त वस्तीचे शहर 'अ' वर्गात, चाळीस हजार ते एक लाखाचे 'ब' वर्गात, त्याखालचे 'क' वर्गात. आपले शहर 'क' वर्गातले. याहून लहान, गावपण सोडून शहर होऊ लागलेल्या ठिकाणी नगरपंचायत असते.

आता महत्त्वाची गोष्ट. नगरपरिषदेला दोन अंगे आहेत. एक निवडून आलेली सभा: नगराध्यक्ष, नगरसेवक आणि काही नामनिर्देशित सदस्य. दुसरे कार्यालय: मुख्याधिकारी, नगर अभियंता, लेखापाल, कर निरीक्षक, आरोग्य निरीक्षक आणि त्यांच्या हाताखालचे कर्मचारी. सभेने ठरवायचे, कार्यालयाने करायचे. मुख्याधिकाऱ्याला नगरपरिषद नेमत नाही. तो राज्य सरकारचा माणूस. त्याची नेमणूक आणि बदली नगरविकास विभागाच्या हाती. त्यामुळे रोज सकाळी त्याला नगराध्यक्षांचा फोन घ्यावा लागतो, पण त्याची खरी नजर मंत्रालयाकडे असते.

आणि नगरसेवक? आपण त्याच्या दारात जातो, कारण तो ओळखीचा, आपल्या गल्लीतला. पण एकट्या नगरसेवकाला कसलाही कार्यकारी अधिकार नाही. तो कुणाला गटार बांधायला सांगू शकत नाही, एक रुपयाचे बिल मंजूर करू शकत नाही. तो फक्त सभेत बोलू शकतो आणि मत देऊ शकतो. बाकी त्याचे जे वजन दिसते ते ओळखीपाळखीचे, आवाजाचे आणि पुढच्या निवडणुकीचे.

नगराध्यक्ष कसा निवडायचा याबद्दल तर सरकारचे मत एका जागी ठरत नाही. २०१६ मध्ये तो थेट लोकांतून निवडायचे ठरले, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ मध्ये पुन्हा लोकांतून. थेट निवडणुकीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्या पक्षाचे, असे सहज होते. मग सभेत विषय अडतात आणि गटाराच्या फाइलीवर धूळ बसते.

२. ठरावाशिवाय चालणारी नगरपरिषद

गटाराकडे वळण्याआधी एक गोष्ट नोंदवायला हवी. नगरपरिषदेचे बहुतेक काम सभेत होतच नाही. ते पहाटे सुरू होते. मुकादम हजेरी घेतो, सफाई कामगार झाडू घेऊन नेमून दिलेल्या बीटवर जातात, घंटागाडी निघते. व्हॉल्व्हमन चावी घेऊन फिरतो: या भागाचे पाणी बंद, त्या भागाचे चालू. कुठल्या आळीला किती वाजता पाणी हे त्याला तोंडपाठ असते, आणि पाणी चार दिवसांनी येणाऱ्या शहरात नगराध्यक्षापेक्षा त्याला जास्त नमस्कार मिळतात. कार्यालय उघडले की जन्म-मृत्यूचे दाखले, घराच्या उताऱ्यावरची नावबदलाची प्रकरणे, बांधकाम परवानगीचे अर्ज, मोकाट जनावरांच्या तक्रारी. दिवाबत्ती, झाडलोट, पाणी, गटारे ही कायद्याने आवश्यक कर्तव्ये आहेत. नाट्यगृह किंवा उद्यान स्वेच्छाधीन, म्हणजे जमले तर करा. कोनशिला मात्र स्वेच्छाधीन कामांवरच जास्त दिसतात.

हे रोजचे काम चांगले होऊ शकते, याला पुरावा आहे. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांमध्ये देशात पहिला क्रमांक २०२० मध्ये कराडने मिळवला, २०२१ मध्ये विट्याने, २०२३ मध्ये सासवडने. वेंगुर्ल्यात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा घरातच वेगवेगळा करून घेण्यावर भर दिला गेला. ओल्या कचऱ्यापासून गॅस झाला, प्लास्टिक डांबरी रस्त्यात गेले. तिथे नगरपरिषदेची सत्ता वाढवणारा कुठला नवा कायदा आलेला नव्हता. कचरा रोज येतो, त्यासाठी माणसे पगारावर असतात, आणि एखाद्या अधिकाऱ्याने मनावर घेतले तर आठवड्यात फरक दिसतो. गटाराचे तसे नाही. गटार हे 'काम' आहे, आणि कामाला ठराव लागतो.

३. सभा

कायद्याप्रमाणे दर दोन महिन्यांत किमान एक सर्वसाधारण सभा व्हावी लागते. तिची नोटीस आणि विषयपत्रिका सात दिवस आधी सदस्यांना जाते. सभेत विषय वाचला जातो, चर्चा होते, एक सदस्य सूचक होतो, दुसरा अनुमोदक, मतभेद असला तर हात वर होतात, आणि जे ठरले ते इतिवृत्तात लिहिले जाते. इतिवृत्तात उतरले म्हणजे ठराव झाला.

विषयपत्रिकेच्या शेवटी एक ओळ असते: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.' नगरपरिषदेच्या कामकाजाची नाडी इथे सापडते. नोटिशीत जे नव्हते ते या ओळीतून आत येते. कधी खरीच निकड असते, पावसाने पूल खचलेला असतो. कधी मात्र ज्या विषयावर सात दिवस आधी ओरड झाली असती तो विषय जेवणाची वेळ झाली असताना अर्ध्या मिनिटात मंजूर होतो. सभेला चहा-भजी वेळेवर आली की नाही याची बातमी होते; आयत्या वेळच्या विषयांची होत नाही.

विरोध करणाऱ्याने हरणार हे ठाऊक असूनही तो नोंदवावा, कारण इतिवृत्त मागे राहते. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा विषय १८८० मध्ये आला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. ठराव मंजूर झाला. आज तो ठराव आपल्याला माहीत आहे तो त्या एका मतामुळे.

बहुतेकांना माहीत नसते, पण ही सभा नागरिकांना पाहता येते. खास कारण नसेल तर दार बंद करता येत नाही. मागच्या खुर्च्या रिकाम्याच असतात.

निवडून आलेली सभाच नसेल तर? महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात प्रशासक होता. सभेचे अधिकार त्याच्याकडे, कार्यालयही त्याच्या हाताखाली. ठरवणारा आणि करणारा एकच. गंमत म्हणजे त्या काळात काही कामे लवकर झाल्याचे लोक सांगतात. कुठली कामे झाली नाहीत हे सांगायला मात्र सभेत कुणी नव्हते.

४. ठराव आणि अंमल: महाडचे तळे

ठराव झाला म्हणजे काम झाले, असा समज फार पसरलेला आहे. तो किती चुकीचा आहे हे महाराष्ट्राच्या इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध नगरपालिका ठरावावरून दिसते.

सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत, असा ठराव सी. के. बोले यांनी मांडला आणि मुंबई विधिमंडळाने तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. महाड नगरपालिकेने त्याला धरून जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस, आणि त्यांचा या कामाला मनापासून पाठिंबा होता. म्हणजे वरचे सरकार अनुकूल, अध्यक्ष अनुकूल, ठराव इतिवृत्तात. तरीही तीन वर्षे अस्पृश्यांपैकी कुणाला त्या तळ्याचे पाणी घेता आले नाही. ठराव अमलात आणायला जी ताकद लागते ती नगरपालिकेपाशी नव्हती; गावातले वरचे लोक विरोधात होते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. एका अर्थाने त्यांनी नगरपालिकेच्याच ठरावाची अंमलबजावणी केली. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने १९२४ चा आपला ठराव रद्द केला. पुढे दिवाणी दावा झाला, तो उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९३७ च्या मार्चमध्ये निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला.

यातून दोन गोष्टी कळतात. जो ठराव करता येतो तो रद्दही करता येतो. आणि सभेतल्या बहुमतावर गावातल्या दांडग्या लोकांचे वजन पडते, ते इतिवृत्तात कुठे दिसत नाही. आजच्या कायद्यात यावर एक लगाम आहे. कायद्याविरुद्ध किंवा लोकांना अपायकारक ठराव असेल, शांतताभंगाची भीती असेल, तर जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. नगरपरिषदेत 'तीनशे आठ लावला' हे शब्द ऐकू आले की समजावे, हरलेला गट जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आला.

५. पैसा कुणाच्या खिशातून?

आपल्या गटाराचा ठराव झाला असे धरू. आता पैसा. इथे वाचकाने थोडे थांबून हिशेब करावा, कारण इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

घरपट्टी कशी निघते? तुमचे घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल, हे आधी ठरवतात. समजा महिना २,००० म्हणजे वर्षाला २४,०००. त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा: उरले २१,६००. याला करयोग्य मूल्य म्हणतात. त्यावर नगरपरिषदेने कायद्याच्या मर्यादेत ठरवलेला दर. तो सगळे मिळून २५ टक्के धरला तर कर ५,४००. त्याच बिलात शिक्षण करही असतो, पण ते पैसे राज्याचे; नगरपरिषद फक्त गोळा करून देते. ही आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते, आणि ते वर्ष निवडणुकीच्या जवळ आले की पुढे ढकलण्याची सगळ्यांनाच घाई होते.

कर थकला तर महिना दोन टक्के शास्ती. ५,४०० वर महिन्याला १०८, वर्षाला १,२९६. बँकेच्या कर्जाहून महाग. तरी थकबाकी राहते, मग कधीतरी शास्तीमाफीची अभय योजना निघते, आणि दरवर्षी वेळेवर भरणारा माणूस स्वतःला मूर्ख समजू लागतो. त्याचे फारसे चुकत नाही.

आता शहराचा हिशेब. आपल्या शहरात ७,००० घरे, सरासरी कर २,५००. मागणी झाली १ कोटी ७५ लाख. वसुली सत्तर टक्के धरली तर हातात १ कोटी २२ लाख ५० हजार, म्हणजे महिन्याला साधारण दहा लाख. यातून पाण्याच्या पंपांचे आणि रस्त्यावरच्या दिव्यांचे वीजबिल, जंतुनाशके, घंटागाडीचे डिझेल, पाइप फुटला तर दुरुस्ती. पाणीपट्टी वेगळी येते खरी, पण ती बहुतेक ठिकाणी मीटरवर नसून वर्षाची ठोक असते, आणि पाणी उपसून शुद्ध करून देण्याचा खर्च तिच्यातून भागणे अवघड. गटारासाठी काय उरले ते वाचकानेच काढावे.

पूर्वी नगरपालिकेचा स्वतःचा मोठा झरा होता: जकात. वेशीवर नाका, नाक्यावर कारकून, येणाऱ्या मालावर कर. व्यापारी वैतागायचे, ट्रकच्या रांगा लागायच्या, नाक्यावरचा व्यवहार काय असायचा ते न बोललेले बरे. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्य सहायक अनुदान देऊ लागले. कर्मचाऱ्यांचे पगार मुख्यतः त्यावर चालतात. जकात गेली ते चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर शहराची स्वतःची कमाई गेली आणि दरमहा वरून येणाऱ्या हप्त्याची वाट पाहणे आले.

मोठी कामे होतात ती वेगवेगळ्या योजनांच्या निधीतून: वित्त आयोगाचा निधी, नगरोत्थान, अमृत, दलित वस्ती सुधार, जिल्हा नियोजन समितीचा निधी. हा पैसा लग्नातल्या आहेरासारखा असतो. घरात कुकर हवा असतो आणि कपाटात भिंतीवरची घड्याळे साचतात. परत करता येत नाहीत, विकताही येत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के भाग 'बंधित' होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. त्यात गटार बसू शकते. दुसऱ्या एखाद्या योजनेत सभागृह बसते, गटार बसत नाही. मग नगरपरिषद विचारते ते 'आपल्याला काय हवे' हे नाही, 'कुठल्या हेडमध्ये (म्हणजे निधीच्या शीर्षात) पैसे आहेत' हे. रिकामे सभागृह आणि तुंबलेले गटार शेजारी शेजारी दिसतात ते यामुळे.

६. फाइल चालू लागते

हेड सापडला. आता नगर अभियंता जागेवर येतो, लांबी-रुंदी घेतो आणि अंदाजपत्रक करतो. दर त्याने मनाने घालायचे नसतात. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते. आपले १२० मीटरचे गटार समजा नऊ लाखांचे निघाले. मग तांत्रिक मंजुरी: रचना आणि दर बरोबर आहेत असे सक्षम अभियंत्याने सांगणे. मग प्रशासकीय मंजुरी: ज्याचा निधी आहे त्याने 'करा' असे म्हणणे, जिल्ह्याचा निधी असेल तर फाइल जिल्हाधिकारी कार्यालयात जाते. या दोन मंजुऱ्यांमध्ये लोक नेहमी गोंधळतात. पहिली विचारते, हे काम असेच करायचे का. दुसरी विचारते, या पैशातून करायचे का.

मग ई-निविदा. एक ठेकेदार २२ टक्के खाली दर भरतो, म्हणजे ७ लाख २ हजारात करतो म्हणतो. सभेत आनंद: एक लाख अठ्ठ्याण्णव हजार वाचले! थोडे थांबा. दरसूचीत ठेकेदाराचा नफा धरलेला असतोच. पण त्याच सिमेंट-सळईत तो २२ टक्के कमी कसे करणार? एक तर दरसूची फुगलेली आहे, नाही तर सिमेंट कमी पडणार आहे. म्हणूनच फार खाली दर भरणाऱ्याकडून जादा सुरक्षा रक्कम घेण्याचा नियम आहे. तो पाळला की नाही हे फाइलीत दिसते.

कार्यादेश निघतो, काम होते, अभियंता मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे 'एमबी'त, झालेले काम लिहितो. त्या नोंदीवरच बिल निघते. बिलातून अनामत, आयकर, एक टक्का कामगार कल्याण उपकर कापला जातो. ठेकेदाराचे पैसे मात्र अनुदानाचा हप्ता येईपर्यंत अडकतात. ज्याची ऐपत वर्षभर थांबण्याची आहे तोच पुढच्या निविदेला उभा राहतो; प्रत्येक शहरात तीच तीन-चार नावे फिरत का राहतात, याचे निदान एक कारण हे आहे.

आणि इतके होऊनही गटार तुंबते. याचे कारण फार साधे आहे आणि ते कुठल्याही चौकशी अहवालात येत नाही. नगरपरिषद निधी वाटते तो प्रभागांत, म्हणजे प्रत्येक नगरसेवकाला थोडा थोडा. या प्रभागाचे गटार प्रभागाच्या हद्दीवर संपते. पुढच्या प्रभागाच्या नगरसेवकाने त्याच्या वाट्यातून रस्त्याचे पेव्हर ब्लॉक केलेले असतात. सांडपाण्याला मात्र नाल्यापर्यंत जायचे असते. २०० मीटरला एक मीटर असा उतार धरला तर आपल्या १२० मीटरमध्ये ६० सेंटिमीटर उतरावे लागते. शेवटचे टोक जर शेजारच्या आळीच्या जुन्या गटाराच्या तळापेक्षा खाली गेले, तर पाणी उलटे येणार. संपूर्ण शहराचा उतार एका नकाशावर मांडून, नाल्याकडून सुरुवात करून वर येत काम करायचे, हे अभियंत्यांना ठाऊक असते. पण तसे केले तर पहिली तीन वर्षे वरच्या प्रभागांना काहीच मिळत नाही, आणि त्यांचे नगरसेवक सभेत हात वर करणार नाहीत. तुकडे वाटणे म्हणजे भ्रष्टाचार नव्हे. बहुमत जमवण्याची ती किंमत आहे. माझ्या मते छोट्या शहरांचा जास्त पैसा चोरीपेक्षा या वाटपात वाया जातो.

७. काय विचारावे?

'गटार कधी होणार' असे विचारले तर 'लवकरच' असे उत्तर येते. त्याऐवजी कागद मागावा. ठरावाचा क्रमांक आणि तारीख काय? कुठल्या हेडमधून? तांत्रिक मंजुरी मिळाली का? कार्यादेशात मुदत किती आहे? माहिती अधिकार कायद्याखाली (२००५) तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दाखले आणि परवानग्यांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे आणि त्याखालच्या सेवांच्या मुदती कार्यालयात लावलेल्या असायला हव्यात. सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागायला विसरू नये, त्यात आयत्या वेळचे विषय असतात.

आणि बिल निघाल्यावर मोजमाप पुस्तिकेच्या त्या पानाची नक्कल घ्यावी. त्यावर लांबी, रुंदी, खोली आणि काँक्रीटची जाडी आकड्यांत लिहिलेली असते. १२० मीटरचे गटार मोजायला एक टेप आणि दोन माणसे पुरतात.